ऊसतोडीच्या आणि गावातल्या पोरांचं रोजचं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कुणी ना कुणी तेच तेच विचारतंय, टाइप करून करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच इथं लिहून ठेवतोय. आम्ही करवीर तालुक्यातल्या एका गावातली सात-आठ जणं, कुणी शेती करतंय, कुणी एमआयडीसीत कामाला, दोघीजणी बचत गटातल्या. मी स्वतः शाळा व्यवस्थापन समितीत होतो, त्यामुळं शाळेच्या खिचडीचं जे लिहिलंय ते आतनं बघून लिहिलंय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, शुद्धलेखन तेवढं जरा बरं केलंय, तेही जमेल तेवढंच.

तुम्ही नक्की काय करता ओ?

गळीत हंगामात, म्हणजे कारखाना सुरू झाल्यापासनं ते मार्चपर्यंत, आमच्या गावाच्या कडेला ऊसतोड मजुरांचा तळ पडतो. बीड, जालना, परभणीकडनं टोळ्या येतात, माळावर खोप्या घालून राहतात. तिथल्या पोरांना आम्ही रोज सकाळी सातला गरम खायला देतो, चाळीस-एक पोरं असतात. रोज म्हणजे रविवार धरून, संक्रांत धरून. हंगाम नसताना गावातल्याच काही घरांतली पोरं असतात, ज्यांच्या घरी खरंच ओढाताण आहे, त्यांना शाळेच्या सुट्टीच्या दिवसांत देतो. एवढंच काम आहे आमचं. बोर्ड नाही, टेम्पोवर नाव नाही.

शाळेत खिचडी मिळते की, मग वेगळं जेवण कशाला? डबल होतंय ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शाळेचं जेवण ही लई मोठी गोष्ट आहे, त्याला कुणी नावं ठेवू नये. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा शिजवलेलं काहीच मिळत नव्हतं, ऐंशी टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे, माझ्या वयाच्या लोकांना ती तांदळाची पिशवी घेऊन घरी आलेलं अजून आठवत असेल. ते तांदूळ घरात सगळ्यांच्या ताटात जायचे, पोराच्या वाट्याला किती आले देव जाणे. मग २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टानं आदेश दिला की कोरडं धान्य नको, शाळेत शिजवून गरम द्या, किमान ३०० कॅलरी, आणि वर्षातले किमान २०० दिवस. पुढं २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ते पोराचं हक्काचं झालं. २०२१ पासनं योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण, पण गावात आजपण सगळे खिचडीच म्हणतात.

आता हिशोब बघा. शाळा भरते वर्षातले दोनशे, सव्वादोनशे दिवस. उरलेले एकशेचाळीस-एकशेपासष्ट दिवस पोराला भूक लागत नाही का? आणि शाळेच्या दिवशीसुद्धा खिचडी दुपारी मिळते. तळावरची आईबापं पहाटे चारला फडावर जातात, काही टोळ्या तर दोनलाच निघतात. रात्रीची भाकरी उरली असेल तर पोरं ती खातात, नसेल तर बिनदुधाचा चहा. दहाला शाळा, दीडला खिचडी, म्हणजे आदल्या रात्री आठला जेवलेलं पोरगं साडेसतरा तासांनी जेवतंय. गुरुजी म्हणतात लक्ष देत नाही, झोपतंय. झोपणारच की.

म्हणून आम्ही दुपारला हात लावत नाही. शाळा जिथं पोचत नाही तेवढ्याच वेळा आमच्या: सकाळ, रविवार, सुट्ट्या.

शाळेत एका पोराला किती मिळायला पाहिजे, त्याचं काही माप आहे का?

आहे. पहिली ते पाचवी एका पोरामागं १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, यातनं ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन मिळावं अशी अपेक्षा. सहावी ते आठवी १५० ग्रॅम तांदूळ, ३० डाळ, ७५ भाजी, साडेसात ग्रॅम तेल, आणि ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रोटीन. ही सगळी मापं कच्च्या मालाची आहेत हे लक्षात ठेवा, एकजण ताटातला भात वजन करून भांडायला गेला होता.

चाळीस पोरांच्या प्राथमिक शाळेत चार किलो तांदूळ, आठशे ग्रॅम डाळ, दोन किलो भाजी आणि दोनशे ग्रॅम तेल पडलं पाहिजे. भाजीचं माप सगळ्यात जास्त चुकतं. दोन किलो भाजी चिरून बघा एकदा, परात भरते. बऱ्याच ठिकाणी तीन कांदे, दोन टोमॅटो आणि वरनं कोथिंबीर यालाच भाजी म्हणतात.

सरकार एका पोरामागं सहा-सात रुपये देतं म्हणे, त्यात काय होणार?

१ मे २०२५ पासनं पहिली ते पाचवीला दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. पण हा फक्त डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधनाचा दर आहे, तांदूळ केंद्राकडनं वेगळा फुकट येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर "सहा रुपयात जेवण" म्हणून जे फिरतंय ते अर्धंच खरं.

तरीपण तोकडेच आहेत. आणि शिजवणाऱ्या मावशींना महाराष्ट्रात महिन्याला अडीच हजार मानधन, तेही वर्षातले दहा महिने. पोटभर काम आणि चिमूटभर पगार. पटाचा नियम असाय की २५ पोरांपर्यंत एक मावशी, १०० पर्यंत दोन, पुढं दर शंभराला एक वाढवायची. शंभर पोरांचं चिरणं, शिजवणं, वाढणं, भांडी, दोघींनी. खिचडी पातळ झाली म्हणून त्यांच्यावर खेकसण्याआधी हे बघावं.

ऊसतोडीची पोरं आमच्या शाळेच्या पटावर नाहीत, दाखला पण नाही, आधार पण नाही. त्यांना शाळेत बसवता येतं का, जेवण मिळतं का?

येतं आणि मिळतं. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणं सहा ते चौदा वयाच्या पोराला दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयानुसार वर्गात घ्यायचं. आधार नाही म्हणून ताट काढून घेता येत नाही. मूळ गावच्या शाळेनं शिक्षण हमी पत्रक, म्हणजे पोरगं कुठल्या वर्गात होतं, किती शिकलंय ते सांगणारा कागद, दिलं असेल तर उत्तमच, ते दाखवलं की इथली शाळा लगेच घेते, पण निघायच्या गडबडीत कुणी मागून घेत नाही ते.

खरी अडचण वेगळीच असते. मोठी पोरगी बारक्या भावाला सांभाळायला खोपीवर थांबते. तिला शाळेत आणायचं तर बारक्याची सोय लागते, म्हणून पुढचा अंगणवाडीचा प्रश्न वाचा.

तीन-चार वर्षांची बारकी पोरं असतात त्यांचं काय?

ती अंगणवाडीची. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार, अंदाजे ५०० कॅलरीचा. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना घरी न्यायचा पाकिटातला आहार. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना पण मिळतो, हे तळावर कुणालाच माहिती नसतं आणि तिथं अशा बायका बक्कळ असतात, सातव्या महिन्यात मोळ्या उचलणाऱ्या.

टोळी आली की पहिल्याच आठवड्यात अंगणवाडी ताईंना तळावर घेऊन जायचं आणि नावं लिहून घ्यायला लावायची. ताईंचं म्हणणं असतं आमच्याकडं तेवढा साठा येत नाही, आणि ते खोटं नसतं. नोंद झाली की मागणी वाढवून देता येते, नोंदच नाही केली तर साठा वाढणार कुठनं? मुख्यसेविकांना, म्हणजे ताईंच्या वरच्या बाईंना, एक लेखी पत्र दिलं की काम पुढं सरकतं. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

आईबापांचं रेशनकार्ड बीडचं आहे, इथं धान्य मिळतं का?

मिळतं. एक देश एक रेशनकार्ड मध्ये कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं, फक्त कार्डाला आधार जोडलेलं पाहिजे. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला कार्डामागं ३५ किलो, सध्या फुकट. आणि सगळं इथंच उचलायची पण गरज नाही, म्हातारा-म्हातारी गावाकडं असतील तर थोडं इथं थोडं तिथं असं चालतं.

अडचण अंगठ्याची. कोयता धरून धरून बोटांच्या रेषा गेलेल्या असतात, मशीन घेत नाही. दुसरी बोटं लावून बघायची, नाहीतर कार्डावरच्या दुसऱ्या कुणालातरी न्यायचं. आणि दुकानात जायचं तर एक खाडा पडतो, मुकादम कापतो, त्यामुळं लोक जातच नाहीत. आम्ही दुकानदाराला विनंती करून महिन्यातला एक दिवस संध्याकाळी दुकान उघडं ठेवायला लावलं, भला माणूस आहे, ऐकलं त्यानं.

तुम्ही काय शिजवता? मेनू पाठवा ना.

सगळे मेनू मागतात आणि पाठवला की म्हणतात एवढंच? हो एवढंच.

सोमवार, गुरुवारी नाचणीची आंबील आणि त्यासोबत शेंगदाणा-गुळाचा लाडू. मंगळवार, शुक्रवारी भाकरी आणि मटकीची उसळ. बुधवारी जाड पोहे, त्यात शेंगदाणे भरपूर आणि वरनं लिंबू. शनिवारी मुगाची खिचडी, शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून जरा जड. रविवारी अंडं आणि भाकरी.

भाकरी ज्वारीचीच पाहिजे. पहिल्या महिन्यात आम्ही हौसेनं आमच्या आवडीचं करत होतो, तांदळाची भाकरी, तिखट कट, कांदालसूण चटणी. मराठवाड्यातली पोरं ताटाकडं बघत बसायची. मग तळावरच्या एका आजीला विचारलं, तिनं सांगितलं ज्वारीची करा आणि तुमचा तो लाल रस्सा ठेवा तुमच्याजवळ. तेव्हापासनं ती आजीच चुलीजवळ असते, तिला फडावर जाणं होत नव्हतं, आम्ही तिला रोजचे पैसे देतो. पीठ थापताना तिच्याभोवती सात-आठ पोरं उकिडवी बसलेली असतात, पहिली भाकरी कुणाला यावरनं रोज भांडण, आणि ती रोज पहिली भाकरी मोडून सगळ्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवते, मग वाढायला सुरुवात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लिंबू, आवळा, टोमॅटो असं आंबट काहीतरी रोज असू द्या, त्यानं कडधान्यातलं, भाजीतलं लोह अंगी लागतं. आणि जेवणाबरोबर चहा देऊ नका, चहानं त्याच्या उलट होतं. चहा पाहिजेच असेल तर तास-दीड तासानं.

अंडी द्यावीत का? आमच्यात वाद चाललाय.

द्यावीत, माझं स्पष्ट मत. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास चांगल्या प्रतीचं प्रोटीन असतं, त्यात भेसळ करता येत नाही, पाणी घालून वाढवता येत नाही, आणि प्रत्येकाच्या ताटात एक पडलं की नाही हे आंधळ्यालासुद्धा कळतं. सरकारी योजनांत ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

महाराष्ट्रात शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचं २०२३ च्या शेवटी ठरलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे थांबले, शाळांनी पाहिजे तर लोकवर्गणीतनं द्यावं असं सांगितलं. म्हणजे गावात कुणाला शाळेसाठी काही करायचंच असेल तर ही जागा रिकामीच आहे, आठवड्याची अंडी उचला.

न खाणाऱ्या पोराला केळं किंवा गूळ-शेंगदाणे द्यायचे, तेही त्याच वेळी, त्याच पंगतीत. कुणाला जबरदस्ती नको आणि कुणाच्या घरच्या सोवळ्यापायी बाकीच्यांचं अंडं बंद नको.

बिस्किटाचे पुडे वाटले तर चालतील का? सोपं पडतं.

तुम्हाला सोपं पडतं. पोट तासभर भरतं, मैदा आणि साखर. द्यायचंच असेल तर त्याच पैशात भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ घ्या, ते पण शिजवावं लागत नाही, टिकतं, आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅम प्रोटीन असतं. अगदी बारक्यांना अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात, कूट करून द्या.

माझ्या पोराचा वाढदिवस आहे, त्या दिवशीचं जेवण द्यायचंय. गोड काय देऊ?

असे मेसेज जून ते डिसेंबर फार येतात, मनापासनं येतात, त्यामुळं नाही म्हणताना जीवावर येतं.

शाळेत द्यायचं असेल तर त्याला रीतसर सोय आहे. गुजरातेत तिथीभोजन म्हणतात, आपल्याकडं स्नेहभोजन. मुख्याध्यापकांना आधी सांगायचं, शाळेचं रोजचं जेवण बंद न करता त्यात भर घालायची किंवा त्या दिवशीचं पूर्ण जेवण द्यायचं. केक, क्रीम, बाहेरचं तळलेलं नको, खीर द्या, फळं द्या.

आमच्याकडं द्यायचं असेल तर एकच विनंती, एका दिवसाच्या श्रीखंड-पुरीच्या पैशात आठ-नऊ दिवसांची आंबील निघते. एका दादांनी गेल्या वर्षी जिलेबीऐवजी दोन पोती ज्वारी टाकली आणि वाढदिवसाला पोराला घेऊन येऊन स्वतः वाढलं. ते पोरगं घरी जाऊन म्हणालं म्हणे की ती मुलं आपल्यापेक्षा जास्त भाकरी खातात. असे वाढदिवस घाला खुशाल.

लग्नात जेवण उरतं लई, ते आणून दिलं तर?

रात्री अकराला फोन येतो, "दोनशे माणसांचं उरलंय, घेऊन जावा." नाही घेत. संध्याकाळी सहाला शिजलेला भात रात्री अकरापर्यंत मंडपात उघडा, सकाळी सातला पोरांच्या ताटात, तेरा तास. भात कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात आणि त्यांनी केलेलं विष परत गरम करून जात नाही. हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही, पुढच्या उत्तरात लिहिलंय कसं शिकलो ते. कोरडा शिधा उरला असेल, तांदूळ, डाळ, तेलाचे डबे, तर कधीपण फोन करा.

जेवणातनं बाधा झाली तर? भीती वाटते म्हणून सुरू करत नाही.

भीती वाटायलाच पाहिजे. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातनं २३ पोरं गेली, तेलात कीटकनाशक होतं. आपल्या घराघरात औषध फवारणीचे रिकामे कॅन धुऊन वापरतात ना, तेच डोळ्यासमोर आणा. २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकाच्या ठिकाणी आग लागली, वरती गवताचं छप्पर, ९४ पोरं गेली. म्हणून नियम आहेत. पोरांना वाढायच्या आधी दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घ्यायची, शाळेत असेल तर त्यात एक शिक्षक पाहिजेच.

आमच्याकडनं पहिल्याच हिवाळ्यात चूक झाली. पहाटे उठायचा कंटाळा म्हणून रात्रीच भात शिजवून झाकून ठेवला, थंडी आहे, काय होत नाही म्हटलं. सकाळी फोडणी देऊन वाढला. साडेनऊच्या आत अकरा पोरांना उलट्या. रिक्षा, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), सलाईन, संध्याकाळपर्यंत सगळी बरी झाली पण त्या दिवशी तळावरच्या बायकांच्या समोर उभं राहताना जे वाटलं ते अजून जात नाही. एक बाई म्हणाली, "भाऊ, आमची उपाशी बरी होती की." तिला उत्तर नव्हतं माझ्याकडं.

त्यानंतर ठरलं ते ठरलं. शिजल्यापासनं दोन तासांच्या आत ताटात, उरलं तर फेकायचं. कच्ची मोडाची मटकी नाही, शिजवूनच. पाणी उकळून. स्वयंपाकाच्या खोलीत खताचं पोतं, औषधाची बाटली, काहीच ठेवायचं नाही, रिकामी सुद्धा. गॅसची नळी दर हंगामाला बघायची. चव घेणाऱ्याची सही वहीत. नियमितपणे शिजवून वाटणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याची, नोंदणी काढा, ऑनलाइन होते.

आमच्या गावात काही पालक म्हणतात आमच्या पोरांना त्या पोरांबरोबर बसवू नका. काय करावं?

"त्या" म्हणजे कोण ते सगळ्यांना कळतं, कुणी बोलून दाखवत नाही.

आपण कोल्हापूरची माणसं. तेव्हा अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळ्यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायचे आणि बरोबरच्या सरदार मंडळींना पण पाजायचे, शंभर वर्षांपूर्वी. भाषणात हे सांगून टाळ्या घेणाऱ्या माणसाच्या घरनंच ही तक्रार आली होती आमच्याकडं, म्हणून जरा तोंड सुटलं, माफ करा.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पंगत वयानं लावली, बारकी पुढं, मोठी मागं, दुसरा कुठला क्रम नाही. आणि ताटं सगळी एकसारखी, स्टीलची, धुऊन एकाच ढिगात, कुणाचं ताट कुठलं हे ओळखताच येऊ नये. ज्या पालकांनी पोरगं काढून घेतलं त्यातली निम्मी महिन्याभरात परत आली, पोरांनाच घरी करमेना. उरलेल्यांच्या मागं लागलो नाही.

एखादं पोरगं लईच बारीक दिसतंय, त्याला जास्त खायला घालू का?

थांबा, आधी मोजा. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी अंगणवाडी ताई, आशाताईंकडं असते. साडेबारा सेंटीमीटरच्या वर हिरवं. साडेअकरा ते साडेबारा पिवळं, म्हणजे लक्ष द्या, खाणं वाढवा. साडेअकराच्या खाली लाल, ते तीव्र कुपोषण, तिथं आपला लाडू चालत नाही, सरळ पीएचसीत न्यायचं, ते पुढं पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. खंगलेल्या पोराला एकदम भरपूर खायला घालणं धोक्याचं असतं, त्याचं खाणं हळूहळू वाढवावं लागतं आणि ते डॉक्टरच्या नजरेखालीच. पायाला सूज असेल तर पट्टी काय पण दाखवू दे, न्यायचं. गुबगुबीत दिसतंय म्हणून एक पोरगं आमच्या नजरेतनं सुटणार होतं, सूज होती ती.

आणि जंत. खाल्लेलं अंगी लागत नाही असं वाटलं तर जंताची गोळी मिळाली का विचारा, फेब्रुवारी आणि ऑगस्टात शाळा-अंगणवाडीत फुकट देतात. टोळीची पोरं त्या दिवशी बहुतेक वाटेत नाहीतर फडावर असतात.

शाळेतली खिचडीच आठवडाभर बंद आहे, कुणाला सांगायचं?

आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षण विभाग. लेखी द्या, पोच घ्या. २०१५ च्या नियमांप्रमाणं तांदूळ संपला, पैसे आले नाहीत, इंधन नाही, मावशी आल्या नाहीत, यातल्या कुठल्याही कारणानं जेवण चुकलं तर पोराला अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा असतो, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस बंद राहिलं तर जबाबदारी कुणाची ते सरकारनं ठरवायचंय. अर्जात हा नियम लिहिला की अर्ज वाचला जातो, अनुभव आहे. मावशींच्या विरोधात अर्ज करू नका, कारण वर मानधनाच्या उत्तरात आहे.

धनगरवाड्यावर किंवा पुरात कसं करायचं?

गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगडकडच्या धनगरवाड्यांवर पावसाळ्यात ओढा चढला की शाळेत जाता येत नाही आणि गुरुजींना येता येत नाही. तिथं रोज शिजवलेलं नेणं बाहेरच्या ग्रुपला जमत नाही, उगाच हट्ट करू नका. मे अखेरीला वाडीवरच्याच एका घरात नाचणी, डाळ, गूळ, तेल भरून ठेवा आणि तिथल्याच बाईला शिजवायचे पैसे द्या.

पुराचं वेगळं. २०१९ ला शिरोळ, करवीरमध्ये मदत इतकी आली की बिस्किटाचे बॉक्स पडून राहिले, आणि पंधरा दिवसांनी लोक घरी परतले, चिखल काढायला लागले, चूल ओली, तेव्हा कुणीच नव्हतं. पुरात जेवण द्यायचं असेल तर पाणी उतरल्यानंतरचे दोन आठवडे द्या.

पैसे कुठनं येतात? पावती मिळेल का, ८० जी आहे का?

पावती मिळत नाही, ८० जी (देणगीवरची इन्कम टॅक्सची सवलत) नाही, कारण आमची नोंदणीकृत संस्था नाही. पोरामागं दिवसाला पंधरा-सोळा रुपये पडतात, आजीचे आणि गॅसचे धरून. गावातनं धान्य येतं, गुऱ्हाळावरनं गूळ येतो, उरलेलं आम्ही महिन्याला काढतो. बाहेरच्यांकडनं रोख घेत नाही, वस्तू घेतो, आणि कुणाची किती आली ते महिन्याअखेरीला चावडीवर कागद लावतो. तुम्हाला मोठं करायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांकडं ट्रस्ट नोंदवा, सीए गाठा. ८० जी असलं तरी दोन हजाराच्या वरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत, एवढं देणाऱ्यांना आधीच सांगा.

फोटो का टाकत नाही?

ताट हातात घेतलेल्या पोराचा फोटो तुमच्या पोराचा काढून टाकाल का स्टेटसला? भाकरीचे फोटो पाहिजे तर देतो.

मुकादम काही म्हणत नाही का?

पहिल्या वर्षी म्हणाला. त्याला वाटलं आम्ही युनियनवाले किंवा बालमजुरीची तक्रार करणारे. त्याच्याशी भांडलो असतो तर टोळीच दुसऱ्या माळावर हलली असती. त्याला जेवायलाच बसवला पोरांबरोबर. नंतर त्यानंच हिशोब केला असेल, सकाळी पोरं खाऊन शाळेत गेली की बायका मध्येच खोपीवर पळत येत नाहीत, त्याचं पण काम होतं. कारण काय का असंना.

मार्चमध्ये टोळी गेली की पोरांचं काय होतं?

पूर्ण आपल्या हातात नसतं. निघायच्या आठवडाभर आधी शाळेतनं शिक्षण हमी पत्रक मागून घेतो, अंगणवाडीची नोंद आणि लसीचं कार्ड त्यात घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत आईच्या हातात देतो, वजन लिहिलेला कागद पण. काही जणी पुढच्या दिवाळीनंतर तीच पिशवी घेऊन येतात. काही टोळ्या दुसऱ्या कारखान्याला जातात, मग कळत नाही.

आम्ही चौघंच आहोत, एखाद्या दिवशी खाडा पडला तर चालतो का?

नाही. चौघं असाल तर दहा पोरांचं करा, किंवा फक्त रविवारचं करा, पण जे ठरवाल ते चुकवू नका.

आमचा एक पडला होता. गावात लग्न होतं, प्रत्येकाला वाटलं दुसरा बघेल. दहा वाजता गुरुजींचा फोन आला, तळावरचं एकपण पोरगं शाळेत आलं नाही. जाऊन बघतो तर सगळी रस्त्याच्या कडेला ओळीत बसलेली, ताटं मांडीवर, बारकी पुढं, मोठी मागं. आता स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराला आतनं पाळीचा कागद लावलाय, रोज दोन नावं. एकाला जमत नसेल तर रात्री आठच्या आत ग्रुपवर टाकायचं. आणि आजीच्या खोपीत चुरमुरे, शेंगदाणे, गुळाचा एक डबा कायम भरलेला असतो, कुणीच नाही आलं तर ती उघडते.